प्रतीची मालकी आणि पाठाची साक्ष

१

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सा शिकविताना ‘प्रत’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे योजतो की, त्यामागील साधी भौतिक वस्तुस्थिती सहसा ध्यानात येत नाही. प्रत ही कोणाच्या तरी ताब्यात असलेली वस्तू असते. ती मठात असेल, वाड्यातील कोनाड्यात असेल, ग्रंथालयाच्या कपाटात असेल किंवा एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या घरी असेल. तिला मालक असतो. तो ती वाचतो, तिच्या समासात टिपणे करतो, ती उसनी देतो, मुलांसाठी मागे ठेवतो, प्रसंगी रद्दीतही घालतो. संशोधक जेव्हा एखाद्या संहितेच्या दोन पाठांची तुलना करतो, तेव्हा तो अशा अनेक मालकांच्या, परस्परांशी संबंध नसलेल्या निर्णयांवर विसंबून असतो. त्यांनी त्या वस्तू जपल्या म्हणून तुलना शक्य होते.

गेल्या वीस वर्षांत ग्रंथव्यवहाराच्या एका मोठ्या भागात ही वस्तुस्थिती पालटली आहे. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, संशोधनपर नियतकालिकाचा संगणकीय अंक यांच्या संदर्भात आपण ‘विकत घेतले’ असे म्हणतो. परंतु त्या व्यवहारात प्रत आपल्याकडे येत नाही. येतो तो वाचण्याचा परवाना, आणि त्याच्या अटी देणाऱ्याने ठरविलेल्या असतात. या बदलाची चर्चा बहुधा ग्राहकहिताच्या अंगाने होते. पैसे मोजूनही वस्तू आपली होत नाही, ही तक्रार रास्तच आहे. तथापि साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा प्रश्न प्रथमतः पुराव्याचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्या ग्रंथाची प्रत विक्रेत्याखेरीज कोणाच्याही मालकीची नाही, त्या ग्रंथाच्या पाठाविषयी केलेले कोणतेही विधान उद्या पडताळून पाहता येईल याची शाश्वती नाही. मराठीतील संगणकीय ग्रंथव्यवहार अद्याप बाल्यावस्थेत आहे. म्हणूनच या प्रश्नाचा विचार आता करणे अगत्याचे आहे.

२

ग्रंथाच्या बाबतीत दोन स्वतंत्र हक्क एकत्र नांदत आले आहेत. पहिला हक्क कृतीवरचा. मराठी ग्रंथाच्या आरंभीच्या पृष्ठांवर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले असते, ते या हक्काविषयी. दुसरा हक्क प्रतीवरचा. त्याच ग्रंथाच्या कोऱ्या पानावर विकत घेणारा आपले नाव आणि तारीख लिहितो, ते या दुसऱ्या हक्काचे चिन्ह होय. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक पोथी कोणाची हे नोंदवीत आणि तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून तिचे रक्षण करावे अशी विनवणी करीत. ती विनवणी प्रतीच्या मालकाला उद्देशून असे, कारण पोथीचे भवितव्य त्याच्या हाती होते.

हे दोन हक्क वेगळे आहेत, हे न्यायालयांनीही मान्य केले आहे. अमेरिकेतील बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेने १९०४ मध्ये ‘द कास्टअवे’ ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि तिची प्रत एक डॉलरपेक्षा कमी किमतीस विकल्यास तो स्वामित्वहक्काचा भंग समजला जाईल, अशी सूचना पुस्तकातच छापली. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटना विकली. १९०८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, तो दुकानाच्या बाजूने. प्रत एकदा विकली गेली की तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचे नियंत्रण राहत नाही, असे ठरले. आपल्याकडील १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम १४ मध्येही कृतीच्या प्रती लोकांस उपलब्ध करून देण्याचा हक्क धारकाला दिला आहे. मात्र आधीच प्रसारात असलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत, आणि एकदा विकलेली प्रत प्रसारात आलेली मानावी असे स्पष्टीकरण जोडले आहे. जुन्या पुस्तकांचे दुकान, फिरते ग्रंथालय, शाळेला दिलेली पुस्तकांची भेट हे सर्व या एका तत्त्वाच्या आधारे चालते.

संगणकीय ग्रंथाला हे तत्त्व लागू पडत नाही, असा निर्वाळा अलीकडे मिळाला आहे. विकत घेतलेल्या संगीताच्या फाइलींची पुनर्विक्री घडवून आणणाऱ्या रीडिजी या संस्थेविरुद्ध न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निकाल दिला. फाइल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना नवी नक्कल निर्माण होते आणि नक्कल करण्याचा हक्क धारकाचा आहे, असा त्याचा आशय. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये टॉम काबिनेट या डच संस्थेच्या प्रकरणात जुन्या ई-पुस्तकांच्या विक्रीलाही अशीच मनाई केली. तर्काच्या दृष्टीने हे निर्णय निराधार आहेत असे म्हणता येणार नाही. कागदी पुस्तक दिले की ते देणाऱ्याकडे उरत नाही. फाइलीचे तसे नाही. परंतु त्यांचा एकत्रित परिणाम असा झाला की, दोन हक्कांपैकी दुसरा हक्क संगणकीय व्यवहारातून लोप पावला. उरला तो कृतीवरचा हक्क आणि त्या हक्काच्या धारकाने अथवा विक्रेत्याने दिलेली सवलत.

या स्थितीत ‘खरेदी’ हा शब्द वापरणे दिशाभूल करणारे आहे, हे कॅलिफोर्निया राज्याने कायद्याने मान्य केले. सप्टेंबर २०२४ मध्ये संमत झालेला आणि १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेला तेथील कायदा सांगतो की, जे परत घेता येते त्याला ‘विकत घ्या’ म्हणायचे असेल, तर हा केवळ परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. शब्दाचा अर्थ आणि व्यवहाराचा अर्थ यांतील अंतर एका विधिमंडळाला दिसले. ज्यांचा व्यवसायच शब्दार्थाचा आहे, त्यांना ते अगोदर दिसायला हवे होते.

३

परवाना परत घेतला जाऊ शकतो, ही शक्यता कल्पनेतली नाही. १७ जुलै २००९ रोजी अमेरिकेत ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या कादंबऱ्यांच्या काही ई-प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांवरून दुरूनच काढून टाकल्या. ज्या संस्थेने त्या विक्रीस ठेवल्या होत्या, तिच्याकडे त्या देशातील हक्क नव्हते. पैसे परत करण्यात आले. काही दिवसांतच कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. सत्ता भूतकाळाच्या नोंदी कशा पुसते हे सांगणारी कादंबरीच पुसली गेली, हा योगायोग तेव्हा फार चर्चिला गेला. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती त्या प्रकरणातील एक दुय्यम वाटणारी बाब. मिशिगनमधील एका शालेय विद्यार्थ्याने दावा लावला, कारण त्याने अभ्यासासाठी केलेली टिपणे मूळ पाठ नाहीसा झाल्यामुळे निरुपयोगी झाली होती. दावा दीड लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला.

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि त्या वर्षीच्या जुलैपासून तेथून घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. सर्व पैसे परत मिळाले. ज्यांनी पुस्तकांत टिपा लिहिल्या होत्या, त्यांना आणखी पंचवीस डॉलर देण्यात आले. व्यापाराच्या नीतीने पाहता हे वर्तन उदारच म्हणावे लागेल. परंतु समासातील टिपांना येथे मोबदला मिळाला, आश्रय मिळाला नाही. वाचकाच्या टिपांवरून ग्रंथाच्या स्वीकृतीचा इतिहास रचणाऱ्या अभ्यासकाला याचा अर्थ निराळा सांगावा लागू नये.

तिसरे उदाहरण पाठाविषयीचे आहे. रोआल्ड डाल यांच्या बालकथांमध्ये पफिन या प्रकाशनसंस्थेने शेकडो बदल केल्याचे फेब्रुवारी २०२३ मध्ये उघड झाले. टीका झाल्यावर मूळ पाठाच्या १७ पुस्तकांची मालिकाही उपलब्ध ठेवण्याचे संस्थेने घोषित केले. बदल योग्य होते की अयोग्य, हा येथे मुद्दा नाही. ज्यांनी जुना पाठ अगोदरच विकत घेतला होता, अशांच्या यंत्रांवरील ई-पुस्तकांतही नवा पाठ आपोआप आल्याचे वृत्त लंडनच्या ‘टाइम्स’ने दिले. छापील ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती निघते तेव्हा जुनी आवृत्ती लोकांच्या घरी तशीच राहते, आणि दोन आवृत्त्यांतील अंतर हेच संशोधनाचे द्रव्य ठरते. येथे नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी न येता तिच्या जागी आली.

या तीनही प्रसंगांत कोणी दुष्ट हेतूने वागल्याचे दिसत नाही. एका ठिकाणी हक्कभंगाचे निवारण होते, दुसऱ्या ठिकाणी तोट्यातील व्यवसाय आवरणे होते, तिसऱ्या ठिकाणी बालवाचकांविषयीची एक भूमिका होती. हेतू शुद्ध असूनही परिणाम असा होतो, यातच या व्यवस्थेचे खरे स्वरूप दिसते. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस किंडलच्या ग्राहकांना आपली पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची जी सोय होती, तीही काढून घेण्यात आली. ग्रंथ विक्रेत्याच्या अंगणाबाहेर नेण्याची एक लहानशी वाट तेवढी बंद झाली.

४

आता मराठीच्या इतिहासाकडे वळून पाहू. आपल्या प्राचीन वाङ्मयाचे जे काही आपल्यापर्यंत पोहोचले, ते पुष्कळ प्रती पुष्कळ हातांत असल्यामुळे पोहोचले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि तरल्या, या आख्यायिकेचा अर्थ भाविक एका रीतीने लावतात. संहितेचा इतिहास पाहणाऱ्यास दिसते ते असे की, १८६९ व १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेची संपादित आवृत्ती निघाली, तेव्हा संपादकांना देहू, तळेगाव आदी ठिकाणच्या जुन्या वह्या पाहावयास मिळाल्या. त्या वह्या जपणाऱ्यांनी कोणाची अनुमती घेऊन त्या जपल्या नव्हत्या.

ज्ञानेश्वरीचे उदाहरण अधिक सूचक आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत पुढे कोणी भर घालू नये, असा कडक इशारा दिला. याहून अधिक अधिकारी संपादक मिळणे कठीण. तरीही त्यांच्या शुद्धीकरणामुळे अन्य प्रती नाहीशा झाल्या नाहीत. कारण त्या इतरांच्या होत्या. त्यामुळेच १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांना निराळ्या जुन्या प्रतीच्या आधारे ज्ञानेश्वरी प्रसिद्ध करता आली आणि दोन पाठांचा वाद मराठी भाषेच्या इतिहासाला उपकारक ठरला. एकनाथांच्या हाती दूरस्थ शुद्धीकरणाचे साधन असते, तर त्यांनी ते वापरले असते की नाही हे सांगता येत नाही. पण ते असते तर राजवाड्यांचे काम झाले नसते, हे निश्चित.

महानुभावांचे उदाहरण वरवर पाहता या प्रतिपादनाच्या विरुद्ध जाते. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतके इतरांपासून राखून ठेवले. आजच्या कुलूपबंद ई-पुस्तकाशी त्याचे साम्य कोणालाही जाणवेल. भेद मात्र मूलगामी आहे. लिपीचे कुलूप होते, पण पोथी वाचकाच्या मठातच होती आणि किल्लीही त्याच्याच परंपरेत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींनी लिपीचा उलगडा केला, तेव्हा उघडण्यासाठी पोथ्या शिल्लक होत्या. आजच्या व्यवस्थेत किल्ली विक्रेत्याच्या दूरच्या यंत्रात असते. विक्रेता गेला की किल्ली जाते, आणि पुष्कळदा पोथीही.

राजसत्तेच्या बंदीबाबतही हेच दिसते. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या १९०७ च्या नाटकावर इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंदी घातली आणि ती १९२६ मध्ये उठली. प्रयोग थांबविणे सरकारला शक्य झाले. छापील प्रत मात्र घरोघर जाऊन शोधावी लागते, आणि त्या कामाला कोणत्याही सरकारची माणसे पुरी पडत नाहीत. प्रत हुडकून काढण्याचे कष्ट हेच प्रतीचे संरक्षण होते. सर्व प्रती एकाच ठिकाणाहून नियंत्रित होतात तेव्हा हे संरक्षण उरत नाही. एक आदेश पुरतो. यासाठी आजच्या कोणत्याही सरकारवर संशय घेण्याची गरज नाही. साधन कोणाच्या हाती आहे, एवढे पाहणे पुरेसे आहे.

५

मराठी ग्रंथव्यवहार या व्यवस्थेत कितपत ओढला गेला आहे? डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तकांची विक्री सुरू झाली. २०१७ च्या अखेरीस स्वीडनमधील स्टोरीटेल ही संस्था मराठी श्राव्य पुस्तके घेऊन आली, आणि तिने काही मालिका केवळ श्राव्य रूपासाठी मराठीत लिहवून घेतल्या. अशा लेखनाला प्रथम आवृत्ती नाही, मुखपृष्ठामागील नोंद नाही, ग्रंथालयातील दाखलक्रमांक नाही. ते लेखन दर्जेदार असो वा नसो, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातील मराठी लेखनाचा तो भाग आहे. उद्या त्यावर प्रबंध लिहू पाहणाऱ्याने कोणत्या कपाटाकडे जावे?

शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मुद्रित मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा त्यांना ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत जाऊन ग्रंथ प्रत्यक्ष पाहता आले. ‘मराठी ग्रंथसूची’ची विश्वसनीयता त्या प्रत्यक्ष पाहण्यात आहे. आजच्या संगणकीय मराठी ग्रंथांची तशी सूची करावयाची झाल्यास सूचिकाराला विक्रेत्यांच्या याद्यांवर भिस्त ठेवावी लागेल, आणि त्या याद्यांतून काय काढले गेले हे त्या याद्या सांगणार नाहीत.

कायद्याचाही येथे आधार नाही. १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमानुसार प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील प्रत्येकी एक ग्रंथालय यांना प्रती पाठवावयाच्या असतात. परंतु त्यातील ग्रंथाची कल्पना कागदावरील छपाईच्या काळातली आहे. स्वामित्वहक्क अधिनियमात २०१२ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी कृती संगणकीय माध्यमात साठविण्याची मुभा दिली. मात्र त्या ग्रंथालयाकडे त्या कृतीची संगणकेतर प्रत आधीपासून असली पाहिजे, अशी अट आहे. याचा अर्थ असा की, जी कृती कागदावर कधी आलीच नाही, तिला ही मुभा लागू होत नाही. आणि जतनाची गरज तर तिलाच सर्वाधिक. त्याच दुरुस्तीने संरक्षक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा ठरविला. कायद्याने अन्यथा निषिद्ध नसलेल्या प्रयोजनांना त्यातून सूट आहे खरी. पण एखाद्या तालुक्याच्या गावातील ग्रंथपालाने त्या सुटीच्या भरवशावर कुलूप तोडावे, अशी अपेक्षा कोण करील?

महाविद्यालयांना जवळची वाटेल अशी आणखी एक बाब आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० शासकीय संस्था, असा तिचा विस्तार आहे. ज्या महाविद्यालयाला एकही परदेशी नियतकालिक परवडत नव्हते, तेथील विद्यार्थ्याला हे भांडार खुले होणे ही मोठीच गोष्ट आहे. तिचे मोल कमी लेखू नये. परंतु छापील अंकाची वर्गणी थांबली तरी आलेले अंक कपाटात राहत. येथे मुदतीनंतर काय राहील, हे करारातील अटींवर ठरणार. ग्रंथालयाची समृद्धी संचयावर मोजण्याची आपली सवय आहे. येथे संचय नाही, प्रवेश आहे.

६

या भूमिकेवर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, कागदही नाशवंत आहे. हे खरे. लीळाचरित्राची मूळ पोथी आक्रमणात नष्ट झाली आणि स्मरणाच्या आधारे तिचे पाठ पुन्हा सिद्ध करावे लागले, असे परंपरा सांगते. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर झालेला हल्ला तर आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. पण या आक्षेपाचे उत्तर संगणकीकरण हे आहे, परवाना नव्हे. आणि या दोहोंत गल्लत होऊ नये. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथांच्या, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपल्या प्रकाशनांच्या संगणकीय प्रती खुल्या केल्या. त्या कोणीही उतरवून घेऊ शकतो, शंभर ठिकाणी ठेवू शकतो. तेथे संगणकामुळे प्रतींची संख्या वाढली. प्रस्तुत लेखाचा विरोध माध्यमाला नाही. प्रत एकाच हाती राहण्याला आहे.

दुसरा आक्षेप लेखक-प्रकाशकांच्या बाजूचा, आणि तो अधिक गंभीर आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान असते. तिची फाइल एकदा मोबाइलवरून फिरू लागली की, प्रकाशकाचा जीव मेटाकुटीस येतो. ही भीती खोटी नाही. परंतु कुलपाने चोरी थांबल्याचा अनुभव नाही. चोर कुलूप तोडतो आणि प्रामाणिक ग्राहक मात्र बांधला जातो. इंग्रजीत यावर अन्य उपाय योजले गेले आहेत. हॅरी पॉटरची ई-पुस्तके २०१२ मध्ये विक्रीस आली, ती खरेदीदाराची ओळख फाइलीत उमटवून, पण फाइल त्याच्या हाती देऊन. त्याच वर्षी टॉर या प्रकाशनसंस्थेने आपल्या ई-पुस्तकांवरील कुलपे काढली. मराठी प्रकाशकांनी असे प्रयोग करून पाहण्यास हरकत नसावी.

तिसरा आक्षेप असा घेतला जाईल की, आपला पाठ सुधारण्याचा लेखकाला हक्क आहे. निःसंशय आहे. तो हक्क नव्या आवृत्तीने बजावला जातो. वाचकाच्या घरात येऊन जुनी आवृत्ती उचलून नेण्याचा हक्क मात्र कोणत्याही लेखकाला कधी नव्हता.

येथे स्वामित्वहक्काच्या मुदतीचाही विचार केला पाहिजे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कृती समाजाची होते. साने गुरुजी १९५० मध्ये निधन पावले. २०११ च्या आरंभी त्यांचे साहित्य मुक्त झाले, आणि ‘श्यामची आई’ अनेक प्रकाशकांनी छापली. ते शक्य झाले, कारण समोर ठेवून छापावयास जुनी प्रत कोणाकडेही मिळत होती. आज केवळ कुलूपबंद रूपात निघालेली कृती साठ-सत्तर वर्षांनी कायद्याने मुक्त होईल, त्या दिवशी ती कोणाच्या हाती असेल? समाजाने लेखकाला मर्यादित काळाचा एकाधिकार दिला, तो पुढे कृती आपल्याला मिळेल या बोलीवर. प्रतच नसेल, तर ती बोली पाळली जाणार नाही.

७

यातून काही व्यावहारिक सूचना निष्पन्न होतात. प्रबंधात संगणकीय पाठ उद्धृत करताना विक्रेता, स्वरूप आणि पाठ पाहिल्याची तारीख नोंदविणे बंधनकारक व्हावे. ज्या उताऱ्यांवर विवेचनाची भिस्त आहे, ते त्या तारखेस कसे होते याची छापील नोंद मार्गदर्शकाकडे ठेवली जावी. ग्रंथालय समितीवर बसणाऱ्या शिक्षकांनी करारावर सही होण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : मुदत संपल्यावर काय उरते, फाइल आपल्याकडे येते काय, आणि ती दुसऱ्या ग्रंथालयास उसनी देता येते काय. आपल्यापैकी पुष्कळजण लेखकही आहेत. त्यांनी आपल्या करारात कुलपाविना एक प्रत आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवली जाईल, असे एक कलम घालून घ्यावे. त्यात कोणाचेही आर्थिक नुकसान नाही. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी केवळ श्राव्य वा संगणकीय रूपात निघणाऱ्या मराठी लेखनाच्या प्रती लेखकांच्या लेखी अनुमतीने मिळवून जपण्याचे काम अंगावर घ्यावे. त्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कायदा बदलण्याची मागणीही अर्थातच केली पाहिजे. १९५४ च्या अधिनियमात संगणकीय ग्रंथाचा समावेश व्हावा, आणि जतनाच्या सवलतीतील संगणकेतर प्रतीची अट दूर व्हावी, एवढे तरी ग्रंथालय संघ आणि साहित्यसंस्था यांनी एकत्र येऊन मागावे.

भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली, तेव्हा तिच्यामागे हजाराहून अधिक हस्तलिखिते होती. ती जपणाऱ्यांपैकी बहुतेकांना अशी काही आवृत्ती निघेल याची कल्पनाही नव्हती. पोथी आपली आहे म्हणून त्यांनी ती जपली. आपल्या काळातील मराठी लेखनाची चिकित्सक आवृत्ती काढू पाहणारा कोणी अभ्यासक पुढे निपजेल, असे गृहीत धरले, तर त्याच्यासाठी निदान दोन-चार ठिकाणी, विक्रेत्याच्या अनुमतीवाचून उघडता येतील अशा प्रती ठेवणे हे आपले काम आहे. ते काम बाजार करणार नाही. ते त्याचे प्रयोजनही नाही.